किटमधून इलेक्ट्रिक गिटार: आधी वाजवा, मग रंगवा

गिटारच्या सुट्या भागांच्या किटचं खोकं उघडलं की पहिली ओढ रंगाची लागते. कोरी, पांढुरकी बॉडी हातात येते आणि डोक्यात निळा की लाल एवढंच चालू होतं. माझ्या पहिल्या गिटारचं तेच झालं. तीन आठवडे रंग दिला, घासला, चकाकी आणली. मग नेक, म्हणजे गिटारची लांब दांडी, बसवली तेव्हा दिसलं, की जाड तार फ्रेटबोर्डाच्या (नेकवरच्या बोटं दाबायच्या पट्टीच्या) कडेवर आलीय आणि बारीक तार चांगली आत आहे. नेक रेषेत आणण्यासाठी बॉडीतली खोबण एका बाजूने कानसावी लागली, आणि खोबणीच्या कडेचा रंग टवक्यांनी निघाला. तो रंग पुन्हा तसा जमला नाही.

त्यानंतरच्या दोन गिटार आणि एक बेस (खालच्या सुरांची, जाड तारांची गिटार) मी उलट क्रमाने केले. आधी सगळं कोरं जोडायचं, तारा चढवायच्या, वाजवायचं, चुका दुरुस्त करायच्या. मग सगळं सुटं करून रंगकाम, आणि शेवटी पुन्हा जोडणी. यात एक-दोन दिवस जास्त जातात, पण लाकूड कोरं असताना केलेली कोणतीही दुरुस्ती नंतर दिसत नाही. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

कोणतं किट घ्यावं

पहिल्या वेळी टेलिकास्टर घाटाचं किट घ्या. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये लिओ फेंडर रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवायचे. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हतं, पण बिघडलेली वस्तू लवकर दुरुस्त कशी होईल याचा विचार त्यांच्या हाडीमाशी होता. १९५० साली त्यांनी बाजारात आणलेल्या गिटारची बॉडी म्हणजे सपाट फळी होती आणि नेक चार स्क्रूंनी जोडलेली, म्हणजे खराब झाली तर काढून दुसरी लावता येईल अशी. तिचं नाव आधी ब्रॉडकास्टर होतं. ग्रेच कंपनीच्या ड्रमचं नाव जवळपास तेच असल्याने १९५१ मध्ये ते बदलून टेलिकास्टर झालं. कारखान्यात भराभर जोडता यावी म्हणून केलेली ही रचना घरी जोडणाऱ्यालाही तितकीच सोयीची पडते. ब्रिज (बॉडीवरचा, तारा टेकतात तो भाग) हलत नाही, मागे स्प्रिंगा नाहीत, पिकअप (तारेची थरथर विजेत बदलणारी चुंबकाची गुंडाळी) दोनच, आणि सगळी वायरिंग एका पत्र्याच्या पट्टीवर मावते.

बेस करायचा असेल तर फेंडरच्याच प्रिसिजन बेसच्या घाटाचा घ्या. एकच पिकअप, एक व्हॉल्यूम, एक टोन. वायरिंग टेलिकास्टरपेक्षाही सोपी. नेक चिकटवावी लागते अशी किटं आणि लिव्हरवर तरंगणाऱ्या ब्रिजची किटं दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला ठेवा.

खोकं उघडल्यावर पहिला तास

परत करायची मुदत संपायच्या आत आणि कुठेही करवत लावायच्या आधी हे तपासून घ्या. नेक डोळ्यासमोर धरून बंदुकीच्या नळीसारखी तिच्या लांबीवरून नजर टाका. थोडा बाक चालतो, पण पीळ चालत नाही. पीळ असलेली नेक सरळ परत पाठवा. आतला ट्रस रॉड (नेकचा बाक कमी-जास्त करणारी सळई) पाव वळसा घट्ट आणि पाव वळसा सैल करून बघा. तो फिरलाच पाहिजे. दोन्ही पिकअपच्या वायरी मल्टीमीटरला लावा. ५ ते ८ किलोओहमच्या आसपास आकडा आला तर पिकअप जिवंत आहे.

आता बॉडीवर पाण्याचा एक थेंब टाका. थेंब मुरला तर लाकूड कोरं आहे. मण्यासारखा तसाच राहिला तर कारखान्याने वरून सीलर मारलेला आहे. बऱ्याच किटांवर तो असतो आणि सांगितलेला नसतो. त्यावर तेल किंवा स्टेन लावलं तर डागाळल्यासारखं दिसतं, कारण रंग आत शिरतच नाही. सीलर असेल तर एकतर तो पूर्ण घासून काढायचा, नाहीतर सरळ वरून झाकणारा रंग द्यायचा.

किटांच्या बॉडी बहुधा बासवुड, पॉप्लर किंवा पॉलोनियाच्या असतात. लाकूड हलकं आणि मऊ. नख दाबलं तरी खूण उमटते, आणि स्क्रू जोरात पिळला की आटे तुटून भोक गुळगुळीत होतं. तसं झालं तर फेव्हिकॉलमध्ये बुडवलेली लाकडी काडी भोकात ठोका, रात्रभर वाळू द्या, कापून सपाट करा आणि पुन्हा भोक पाडा.

कोरी जुळणी

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

नेक खोबणीत बसवा. हाताने दाबून बसावी, हातोडीची गरज पडू नये. बसत नसेल तर खोबणीच्या भिंतींवर साचलेला सीलर कारण असतो. तो पॉलिश पेपरने काढा. खोबणीचा तळ आणि नेकचं बूड मात्र घासू नका. ते दोन सपाट पृष्ठभाग एकमेकांना जितके पूर्ण टेकतील तितकी तारेची थरथर बॉडीत उतरते आणि नेक जागेवर राहते.

आता मोजमाप. नट म्हणजे नेकच्या टोकाची, तारांच्या खाचा असलेली पट्टी, आणि फ्रेट म्हणजे फ्रेटबोर्डावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या. नटच्या फ्रेटबोर्डाकडच्या कडेपासून १२व्या फ्रेटच्या मध्यापर्यंत अंतर मोजा. टेलिकास्टर घाटात ते ३२४ मिलिमीटर येईल. १२वा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असतो, म्हणून याच्या दुप्पट, ६४८ मिलिमीटरवर बारीक तारेची सॅडल (ब्रिजवरचा, तार टेकते तो सरकता तुकडा) यायला हवी. प्रिसिजन घाटाच्या बेसला ४३२ आणि ८६४. किटबरोबरच्या कागदावर काय छापलंय त्यावर विसंबू नका, आपली नेक आपण मोजा.

ब्रिज ठेवताना बारीक तारेची सॅडल जवळजवळ पूर्ण पुढे आणून, म्हणजे नेकच्या बाजूला आणून, ती ६४८ वर येईल असं बघा. कारण नंतर सूर जुळवताना सगळ्या सॅडल मागेच सरकवाव्या लागतात. तार जितकी जाड तितकी जास्त मागे. सॅडल मध्यावर ठेवून ब्रिज ठोकला तर जाड तारेला मागे जायला जागा उरत नाही.

मग दोरा. शिलाईचा दोरा पहिल्या आणि सहाव्या तारेच्या खाचांतून सॅडलपर्यंत ताणून बांधा. शेवटच्या फ्रेटपाशी दोन्ही दोरे फ्रेटबोर्डाच्या आपापल्या कडेपासून सारख्या अंतरावर हवेत, साधारण ३ मिलिमीटर. एका बाजूला २ आणि दुसऱ्या बाजूला ४ असेल तर नेक थोडी फिरवा किंवा ब्रिज सरकवा. हा दोरा म्हणजे गवंड्याचा ओळंबा. तो खोटं बोलत नाही. माझ्या पहिल्या गिटारला मी हाच दोरा बांधला नव्हता.

जागा पक्की झाली की शिकंज्याने नेक आवळून भोकं पाडा. बॉडीतली चार भोकं स्क्रू सहज आरपार जाईल इतकी मोठी हवीत, साधारण ४.५ मिलिमीटर. आटे फक्त नेकमध्ये पकडले पाहिजेत. बॉडीतही पकडले तर स्क्रू कितीही पिळला तरी नेक आणि बॉडीमध्ये कागदभर फट राहते, आणि मग सगळे म्हणतात की किटची गिटार दमदार वाजत नाही. नेकमध्ये ३ मिलिमीटरचं भोक. ड्रिलच्या पात्याला किती खोलीवर थांबायचं तिथे टेप गुंडाळा, नाहीतर पातं फ्रेटबोर्डातून वर येईल. स्क्रूच्या आट्यांवर साबण किंवा मेणबत्ती घासा. मेपलसारख्या कठीण लाकडात कोरडा स्क्रू पिळला तर डोकं तुटून हातात येतं.

खुंट्या लावा, तारा चढवा, ब्रिजखालची अर्थची वायर जागेवर घाला, पिकअप तात्पुरते जोडा. १० ते ४६ चा (जाडी इंचाच्या हजाराव्या भागांत) तारांचा संच सुरात आला की नेकवर ४५ किलोच्या वर ओढ येते. अशी ओढलेली गिटार एक रात्र तशीच ठेवा आणि दुसऱ्या दिवशी वाजवा. कुठे फ्रेट वर आलाय, कुठे नट उंच आहे, सॅडल पूर्ण खाली करूनही तारा उंच राहतात का, हे सगळं आत्ता कळतं. तारा उंचच राहत असतील तर खोबणीच्या ब्रिजकडच्या टोकाला व्हिजिटिंग कार्डाचा एक तुकडा ठेवा. नेक किंचित मागे कलते आणि तारा खाली येतात.

समाधान झालं की सुटं करा. प्रत्येक भागाचे स्क्रू वेगळ्या पिशवीत, वर चिठ्ठी.

हेडस्टॉक

किटच्या नेकचा हेडस्टॉक, म्हणजे खुंट्या बसतात ते टोक, वल्ह्यासारखा कोरा येतो. फेंडरचे हेडस्टॉकचे आकार नोंदणीकृत आहेत, तेव्हा आपला आकार आपण काढा. आधी पुठ्ठ्यावर काढून, कापून, खुंट्यांच्या भोकांवर ठेवून बघा. भोकापासून कडेपर्यंत १० मिलिमीटर लाकूड राहू द्या. कोपिंग सॉने रेषेच्या बाहेरून कापा आणि उरलेलं कानशीने आणा. करवतीचा हात बसलेला नसेल तर गल्लीतल्या सुताराकडे जा. रेषा स्पष्ट असेल तर जिगसॉने पाच मिनिटांचं काम आहे.

घासकाम आणि रंग

१२०, १८०, २४०, ३२०, या क्रमाने पॉलिश पेपर, नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेने. आडवं घासलेलं कोरडं असताना दिसत नाही, स्टेन लावला की प्रत्येक ओरखडा उठून दिसतो. २४० नंतर ओल्या फडक्याने बॉडी पुसून वाळू द्या. दबलेले तंतू उभे राहतात, ते ३२० ने हलके कापा. खोबण, नेकचं बूड आणि फ्रेटबोर्ड आधी मास्किंग टेपने झाका.

रंग ऋतू बघून निवडा. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, लॅकर किंवा स्पिरिट पॉलिश देऊ नका. पातळ द्रव्य झपाट्याने उडतं, पृष्ठभाग थंड होतो, हवेतला ओलावा त्यावर बसतो आणि खाली पांढरट धुरकटपणा अडकतो. दसरा ते होळी हा आपल्याकडचा रंगकामाचा काळ.

माझी आवड सांगायची तर बॉडीला उकळलेलं जवसाचं तेल आणि नेकला चपड्या लाखेचं पॉलिश. तेलाचा हात अगदी पातळ द्या, पंधरा मिनिटांनी सगळं जादा तेल पुसून काढा, आणि पुढच्या हातापूर्वी किमान एक पूर्ण दिवस थांबा. असे पाच-सहा हात. चकाकी येत नाही, पण लाकडाची रेषा खोल दिसते आणि पुढे कधीही ओरखडा आला तर तेवढ्याच जागी पुन्हा तेल देता येतं. एक गोष्ट काळजीपूर्वक वाचा: जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून कचऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता निघते, आणि गोळा झालेलं फडकं आपोआप पेटू शकतं. फडकी दोरीवर सुटी पसरून पूर्ण कडक वाळवा, किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

लाखेचं पॉलिश जुने पॉलिशवाले देतात तसंच: चपडा स्पिरिटमध्ये रात्रभर विरघळवायचा, गाळायचा, आणि कापसाची पोटळी करून लांब, न थांबणारे हात मारायचे. हात मध्येच थांबला की तिथे डाग. नेकच्या मागच्या बाजूला ते हाताला फार सुखद लागतं.

झाकणारा रंग हवा असेल तर स्प्रेचा डबा २० ते २५ सेंटिमीटर अंतरावरून, पातळ थरांत. एक जाड थर देण्यापेक्षा सहा पातळ बरे. शेवटच्या थरानंतर दोन-तीन आठवडे बॉडी टांगून ठेवा, मग १०००, १५०० आणि २००० च्या वॉटर पेपरने ओलं घासून कंपाउंडने चमकवा. गॅरेजमधला दोन भागांचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग सुंदर आणि टणक बसतो, पण त्याच्या हार्डनरमधला आयसोसायनेट फुफ्फुसांना घातक आहे. तो घरी मारू नका, नीट सोय असलेल्या पेंटरकडून करून घ्या.

वायरिंग

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली, इथे लागणारं जवळजवळ सगळं मिळतं. सिंगल कॉइल (एकाच गुंडाळीच्या) पिकअपना २५० किलोओहमचे पॉट (व्हॉल्यूम आणि टोनच्या बटणांखालचे भाग) आणि ०.०२२ ते ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. किटमधले पॉट चालतात, पण स्विच आणि जॅक (ॲम्प्लिफायरची वायर खुपसायची जागा) स्वस्त असतील तर तेवढे दोन बदला. सगळ्यात आधी तेच खरखरायला लागतात.

रंग वाळत असताना बॉडीच्या पोकळ्यांत तांब्याची चिकट टेप लावता येते. आपल्याकडे विजेचा ५० हर्ट्झचा गुणगुणाट सिंगल कॉइल हमखास पकडते, आणि टेप बाहेरून शिरणारी बरीचशी खरखर अडवते. टेपचे तुकडे एकमेकांवर चढवा, जोडांना सोल्डरचा एकेक ठिपका द्या आणि सगळी टेप अर्थला जोडा. न जोडलेली टेप काहीच काम करत नाही.

सोल्डरिंगसाठी ४० ते ६० वॉटची इस्तरी घ्या. २५ वॉटची वायरीला पुरते, पण पॉटची पाठ तापवता तापवता आतला पट्टा जळतो. पॉटची पाठ पॉलिश पेपरने आधी खरवडा. सोल्डर रोझिन गाभ्याची, ६०/४०. बाजारात डबीत मिळणारी आम्लाची पेस्ट वापरू नका, ती वर्षभरात जोड खाते. टोकाने धातू तापवायचा आणि सोल्डर धातूला लावायची, टोकाला नाही. ती पाण्यासारखी पसरली आणि थंड झाल्यावर चकचकीत राहिली तर जोड पक्का. गोळी होऊन बसली तर पुन्हा तापवा.

झाकण लावण्याआधी ॲम्प्लिफायर कमी आवाजावर लावून पिकअपवर स्क्रूड्रायव्हर हलकेच टेकवा. ज्याच्यावर टेकवाल तो टकटक वाजला पाहिजे. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी झाली तर अर्थ बरोबर आहे. वाढली तर जॅकवरच्या दोन वायरी उलट आहेत. दोन्ही पिकअप एकत्र लावल्यावर आवाज पातळ, पोकळ येत असेल तर एका पिकअपच्या दोन वायरींची अदलाबदल करा. ते सहसा ब्रिजच्या पिकअपवर करणं सोपं, पण त्याच्या तळाचा पत्रा अर्थच्या वायरीला जोडलेला असेल तर तो आधी सुटा करा. नेकच्या पिकअपचं धातूचं झाकण त्याच्या अर्थच्या वायरीला जोडलेलं असतं, ते आधी सुटं न करता अदलाबदल केली तर झाकणाला हात लागला की खरखर होईल.

नेक कायमची आवळण्याआधी तिच्या बुडावर पेन्सिलने तारीख आणि आपली आद्याक्षरं लिहा. फेंडरच्या कारखान्यात सुरुवातीच्या काळात कारागीर असंच लिहायचे, आणि जुन्या गिटारचं वय आज त्यावरून ठरतं.

सेटअप

किटची गिटार आणि चांगली गिटार यांतला बराचसा फरक इथे मिटतो. क्रम बदलू नका, कारण प्रत्येक पायरी पुढचीला धक्का देते.

आधी सुरात लावा. मग नेकचा बाक. जाड तार पहिल्या फ्रेटवर आणि नेक बॉडीला मिळते तिथल्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा. सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांत ०.२ ते ०.२५ मिलिमीटर फट हवी, म्हणजे साध्या झेरॉक्सच्या कागदाचे दोन थर जेमतेम सरकतील इतकी. जास्त असेल तर ट्रस रॉड घट्ट, कमी असेल तर सैल. एका वेळी पाव वळसा, मग पुन्हा सुरात लावून मोजा.

नंतर नट. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबून पहिल्या फ्रेटवर बघा. केसभर फट हवी. किटचे प्लॅस्टिकचे नट जवळजवळ नेहमी उंच असतात, आणि त्यामुळे सुरुवातीच्या फ्रेटवरच्या कॉर्डचे स्वर चढे लागतात. लोक मग खुंट्यांना दोष देतात. त्या त्या जाडीच्या जुन्या गुंडाळलेल्या तारेने किंवा बारीक कानशीने खाच हळूहळू उतरवा, उतार हेडस्टॉककडे ठेवून. जास्त खोल गेली तर खाचेत खाण्याच्या सोड्याची चिमूट आणि फेविक्विकचा थेंब. दगडासारखं घट्ट होतं, मग पुन्हा कापा.

आता फ्रेट. एटीएम कार्डाची कड (नटजवळ लांब, पुढे आखूड) तीन फ्रेटवर ठेवून डुलते का बघा. डुलली तर मधला फ्रेट वर आहे. आधी लाकडाचा ठोकळा ठेवून तो हलक्या हातोडीने खाली बसवून बघा. अनेकदा तेवढ्यानेच भागतं. नाही भागलं तर फ्रेटबोर्ड टेपने झाकून, त्या फ्रेटच्या माथ्यावर मार्करने रेघ ओढून, बारीक कानशीने तेवढाच उतरवा आणि माथा पुन्हा गोल करा. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी काढतो तेव्हा तारेला घोडीच्या पृष्ठभागावर मुद्दाम घासू देतो. तोच झंकार तंबोऱ्याचा प्राण असतो. गिटारमध्ये नेमकं तेच घर्षण फ्रेटवर झालं की त्याला आपण बझ म्हणतो आणि काढून टाकतो. दोन्हीकडे काम तितक्याच बारीक मापाचं आहे.

सॅडलची उंची: १२व्या फ्रेटवर जाड तार २ मिलिमीटर, बारीक १.६. बेसला साधारण अर्धा मिलिमीटर जास्त. पिकअप शेवटच्या फ्रेटवर दाबलेल्या तारेपासून २ ते ३ मिलिमीटर खाली. जास्त जवळ आणला तर चुंबक जाड तारेला ओढतो आणि स्वर डळमळतो.

शेवटी सूर. सतारीला पडदे सरकवता येतात. गिटारचे फ्रेट पक्के, म्हणून इथे सॅडल सरकवायची. १२व्या फ्रेटवर हार्मोनिक (तार न दाबता, नुसतं बोट टेकवून निघणारा स्वर) वाजवा, मग तिथेच तार दाबून वाजवा, ट्यूनरवर दोन्ही बघा. दाबलेला स्वर चढा असेल तर सॅडल मागे, उतरता असेल तर पुढे. नव्या तारांवरच करा. जुन्या, गंजलेल्या तारा एकसारख्या कंप पावत नाहीत.

पहिल्या महिन्यात नेकचे चार स्क्रू एकदा आवळून बघा, मऊ लाकूड थोडं दबतं. आणि ऋतू बदलला की बाक पुन्हा मोजा. कोकणात पावसाळ्यात नेक ओलावा धरते आणि तारा उंच झाल्यासारख्या वाटतात. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात लाकूड आकसतं आणि फ्रेटची टोकं कडेला बोचू लागतात. ती टोकं बारीक कानशीने तेव्हाच, मे महिन्यात, घासून गोल करा. एकदा केली की पुन्हा सहसा बोचत नाहीत.